वाघळीच्या माळावरची झीज

मोरेश्वर दिघे हा मोजणारा माणूस. काही माणसं गुणगुणतात, काही नखं खातात, हा मोजायचा. ठाण्याच्या घरातल्या तुळया नऊ, कचेरीतल्या खिडक्यांचे गज एकशे बारा, हे त्याला तोंडपाठ. लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते आणि बायकोनं, गोदूनं, पहिल्याच आठवड्यात त्याला विचारलं होतं की भाकरीचा व्यासही कुठं लिहून ठेवता का. त्यावर तो हसला नव्हता. विचारात पडला होता.

अशा माणसाला खात्यानं वाघळीच्या माळावर पाठवलं, यात नवल काहीच नव्हतं. साल एकोणीसशे पंचेचाळीस, मार्गशीर्ष महिना. लढाई संपून चार महिने झाले होते. शहापूरहून मुरबाडकडे निघालं, सापगाव मागं टाकून नदी ओलांडली, की डाव्या हाताला हा माळ लागतो. लढाईच्या दिवसांत तिथं विमानांसाठी एक धावपट्टी केली होती. वाटेत बिघडलेलं, तेल संपलेलं विमान उतरायला बरी पडे. तीन वर्षांत ती झिजली. आता तिचं काय करायचं, हा खात्यापुढचा प्रश्न होता.

मुंबईच्या एका कंपनीनं अर्ज केला होता: पट्टी नव्यानं बांधायची तर पाहणी, नकाशे, पायाची आखणी, देखरेख, सगळं इंजिनियरी काम आम्ही करू, आम्हाला मंजुरी द्या. दिघ्यांच्या साहेबांचा मंजुरीला विरोध नव्हता, पण अट एकच होती. पट्टी कशानं झिजली ते दिघ्यांनी जागेवर जाऊन लिहून द्यायचं. कारण सापडलं तर मंजुरी. कारण सापडलं नाही तर पट्टी खात्याच्या यादीतून काढून टाकायची, कारण जिथं झीज का होते तेच कळत नाही, तिथं पुन्हा डांबर ओतण्यात अर्थ नाही. जाता जाता साहेबांनी हेही सुचवलं की दिघ्यांची नोकरी अजून कच्ची आहे आणि हे काम नीट झालं तर ती पक्की व्हायला काही अडचण दिसत नाही.

दिघे शहापूरच्या डाकबंगल्यात उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माळावर हजर झाले. सोबत म्हादू होता. हा आटगावचा म्हातारा, खात्यात स्टाफ, म्हणजे मोजणीची उभी पट्टी, धरून उभं राहण्यात त्याची तीस वर्षं गेली होती आणि आता बसतानाही तो सरळच बसायचा. कामाला बायकांची एक टोळी लावली होती, धुमस मारून खडी-मुरूम ठोकून बसवायला. टोळीची पुढारीण राही. वय असेल पस्तीस, काटक, नाकात चमकी, आणि जीभ अशी की दिघ्यांनी पहिल्या तासाभरात चार वेळा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा लावून ते वाकले की बाया पदराआड हसायच्या. राही हसायची नाही, सरळ बोलायची.

"सायेब, बायकोला पन असंच मोजून आनली का?"

म्हादूनं तिला दटावलं. दिघ्यांचे कान लाल झाले, पण आकडा चुकला नाही.

दुपारपर्यंत त्यांना टोळीचीही माहिती कळली. राही काय, बाकीच्या बाया काय, सगळ्या याच माळावरच्या. इथं वाघळीपाडा होता, अकरा घरांचा. पट्टीसाठी जागा घेतली तेव्हा अकरा घरं उठवून सापगावच्या कडेला नेऊन बसवली. लढाई संपली की जागा परत, असं तेव्हाच्या साहेबानं सगळ्यांसमक्ष सांगितलं होतं. म्हणजे हिशेब सरळ होता. दिघ्यांना कारण सापडलं नाही तर पट्टी यादीतून जाणार आणि अकरा घरं माळावर परतणार. कारण सापडलं तर कंपनी येणार आणि जागा कायमची गेली.

"मग सायेब, जरा कमी शोधा," राही म्हणाली. या वेळी मात्र तिच्या टोळीतलं कुणी हसलं नाही.

पट्टीच्या दोन्ही टोकांची झीज दिघ्यांना अपेक्षित होती. विमानाची चाकं पहिल्यांदा टेकतात तिथं लांबट काळे ओरखडे, उडालेली खडी. त्यांनी ते मोजलं, लिहिलं, पुढं सरकले. मग पट्टीच्या बरोबर मध्यावर आले आणि थांबले.

तिथली झीज गोल होती.

सव्वीस फूट व्यासाचं एक वर्तुळ, परकारानं काढावं तसं. चाकांनी असं होत नाही. विमान काही एका जागी गिरक्या घेत नाही. दिघे उकिडवे बसले, डांबरावरून बोट फिरवलं. पृष्ठभाग फुटला नव्हता, उखडला नव्हता. घासून घासून गुळगुळीत झाला होता, देवळाच्या उंबऱ्यासारखा. नीट पाहिल्यावर वर्तुळात एकात एक अशा चाकोऱ्या दिसल्या. चार रुंद. आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये एक अरुंद, जेमतेम वीतभर.

आधीच्या ओव्हरसियरनं ही जागा दोनदा भरून घेतली होती, म्हादूनं सांगितलं. दोनदा झिजली. तिसऱ्यांदा भरायच्या आत त्यानं बदली मागून घेतली.

कंपनीच्या माणसानं अर्जात लिहिलं होतं की मध्यभागी पाया खचला आहे. दिघ्यांनी लेव्हल लावून पाहिली. पाया जराही खचला नव्हता. जे गेलं होतं ते वरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तुळ भरून घेतलं. बारीक खडी, गरम डांबर, वर वाळू. राहीच्या टोळीनं धुमस मारली. तेव्हा एक गोष्ट दिघ्यांच्या ध्यानात आली: बाया वर्तुळात पाय ठेवत नव्हत्या. कडेनं उभ्या राहून, हात लांबवून ठोकत होत्या. एकीचा पाय चुकून आत गेला तसा तिनं तो तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा मागं घेतला, आणि राहीनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. दिघ्यांनी याची नोंद केली नाही. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

बाराला काम थांबलं. सगळे पट्टीच्या कडेच्या आंब्याखाली भाकऱ्या सोडायला गेले. दिघ्यांनी डबा खाल्ला, झाडाला टेकून पाच मिनिटं डोळे मिटले. दोनला परत येऊन त्यांनी लेव्हल लावली.

वर्तुळ पाव इंच खाली गेलं होतं.

त्यांनी स्टाफ स्वतः धरून पाहिला, म्हादूला दुर्बिणीशी उभं करून. म्हादू आकडा वाचत होता. तोच आकडा. पाव इंच. चार रुंद, एक अरुंद.

आता दिघे काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी सरळ विचार केला: ही झीज व्हावी असं कुणाला वाटतं? अकरा घरांना. गावातली कुणीतरी पोरं दुपारी झाडीतून गुरं आणून ओल्या डांबरावर फिरवत असणार, कारण सापडू नये आणि पट्टी रद्द व्हावी म्हणून. हे त्यांनी राहीला तोंडावर सांगितलं. आवाज चढवला नाही, पण सांगितलं.

राही धुमसवर हात ठेवून म्हणाली की आमच्या पाड्यात आता एक पन बैल नाय. एक होता तो औंदा मेला.

तिसऱ्या दिवशी दिघ्यांनी बंदोबस्त केला. वर्तुळ पुन्हा भरलं, ठोकलं. मग पाचही चाकोऱ्यांच्या जागी त्यांनी चुन्याच्या रेघा ओढल्या, पाच पांढरी कडी, एकात एक. बाराला सगळ्यांना आंब्याखाली बसवलं, मोजले: बाया चौदा, म्हादू पंधरावा. कुणी उठायचं नाही, उठलं की मला दिसेल, असं बजावलं. आणि स्वतः वर्तुळाच्या बाहेर, चार हातांवर, लोखंडी पेटीवर बसले. हातात घड्याळ, मांडीवर वही.

बारा वाजून दहा. ऊन डोळ्यांत जात होतं. माळ चारी बाजूंनी मोकळा, एक चिटपाखरू नाही. लांबवर डोळखांबच्या बाजूचे डोंगर थरथरल्यासारखे दिसत होते, उन्हात दिसतात तसे.

बारा वीस. डांबराचा वास येत होता. त्याच्या खालून दुसरा वास आला. दिघ्यांना तो लगेच ओळखता येईना, कारण इथं तो असायचं कारण नव्हतं. पेंढ्याचा. ताज्या, चुरडलेल्या भाताच्या पेंढ्याचा.

बारा पंचवीस. पाचातल्या सगळ्यात आतल्या रेघेवरचा चुना एका जागी पुसट झाला.

दिघे पुढं वाकले. वारा नव्हता. पुसट झालेल्या जागेच्या पुढचा वीतभर भाग पुसट झाला. मग त्याच्या पुढचा. बाहेरच्या रेघांवरही तसंच, सगळीकडं एकाच वेळी, एका ओळीत. जणू वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंत एक अदृश्य काटा होता आणि तो सावकाश फिरत होता. त्याच्याखाली चुना दबत होता.

दिघ्यांनी मोजलं. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. एक फेरा, चाळीस सेकंद. दुसरा फेरा, एकेचाळीस. तिसरा, चाळीस. काटा त्यांच्यासमोरून जाई तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना ऊब लागे, मोठं जनावर जवळून गेल्यावर लागते तशी. आणि मग त्याच्या मागून, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं, अरुंद रेघेवर एक हलका आवाज. अनवाणी पाऊल टाकल्याचा.

दोन वाजता सगळं थांबलं. वहीत एकशे चाळीस फेरे होते. रेघा गेल्या होत्या.

आंब्याखालून कुणी उठलं नव्हतं. दिघ्यांनी पुन्हा मोजले. बाया चौदा. म्हादू डोळे मिटून बसला होता. राही मात्र वर्तुळाकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. सणाला माहेरचं माणूस येऊन वाड्याशी थांबावं आणि घरात मात्र येऊ नये, तेव्हा बाई जशी बघेल, तशी ती बघत होती.

त्या संध्याकाळी दिघे तिच्याशी बोलले. म्हणजे ती बोलली, ते ऐकत राहिले. पट्टी व्हायच्या आधी बरोबर त्या जागी तिचं खळं होतं. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मळणी चालली होती. मधोमध लाकडाची मेढ रोवलेली, मेढीला एका ओळीत चार बैलांची पात बांधलेली, मागून तिचा नवरा बुधू हाकत फिरत होता. मळणी अर्धी झाली होती. दुपार होती. तेवढ्यात कंत्राटदाराची माणसं आली, लष्करासाठी गुरं घ्यायचा हुकूम घेऊन. बैल पातीतून सोडले आणि होते तसे, भात खाऊ नये म्हणून तोंडाला बांधलेल्या मुसक्यांसकट, आटगावला नेऊन मालगाडीच्या वाघिणीत चढवले. बुधू त्यांच्यामागं गेला. सोडवून आनतो, म्हणाला. बैल परत आले नाहीत. बुधूही आला नाही. दुसऱ्या दिवशी माळावर मुरमाचे ढीग पडले. खळ्याची जागा सखल, तिथं तीन फूट भराव घालायचा होता. खळ्यात अर्धं मळलेलं भात तसंच, मेढ तशीच उभी. तेव्हाच्या साहेबाला घाई होती. त्यानं मेढीचा वरचा तुकडा कापून घेतला आणि भरावाला सुरुवात करा म्हणाला.

"आमीच ठोकला वर मुरूम," राही म्हणाली. "माझ्या खळ्यावर, माझ्या हातांनी. पोटाला पायजे होतं. पन अर्ध्या मळणीवर माती नाय घालीत, सायेब. कोनी नाय घालीत. आमी घातली."

तिचं मागणं एवढंच होतं: इथं काही खणू नका, मेढीला हात लावू नका, आणि कारण सापडलं नाही असं लिहून द्या. जागा परत मिळाली की ती वरचा भराव काढील, मागून-उसनून बैल आणील आणि राहिलेली मळणी पुरी करील. मग पात सोडील. रीतीनं.

दिघे डाकबंगल्यावर परतले. त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्यांना सुटल्यासारखं वाटलं. भरावात लाकडाचा खांब राहिलाय. लाकूड फुगतं, आकसतं, त्याच्याभोवती वर्तुळात हालचाल होते, त्यानं पृष्ठभाग झिजतो. वाक्य वहीत लिहिल्यावर अगदी बरोबर दिसत होतं. एकशे चाळीस फेऱ्यांचं पान त्यांनी नीट दुमडून दुसऱ्या पानाला चिकटवून टाकलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी चुन्याच्या रेघा पुन्हा ओढल्या आणि मध्यावर खड्डा खणायला सांगितलं. बाया हलल्या नाहीत. म्हादूनं पहार जमिनीवर ठेवली आणि तो चक्क त्यांच्या पाया पडला, तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. शेवटी दिघ्यांनी कोट काढला आणि स्वतः खणायला घेतलं. हातांना फोड आले. अकरा वाजेपर्यंत डांबर, खडी आणि दोन फूट मुरूम निघाला होता आणि मेढ दिसली.

खैराचं लाकूड. तीन वर्षं मातीत होतं, पण ना वाळवी, ना बुरशी. माथ्याखाली वीतभर अंतरावर दोराची खाच होती. जुनी खाच काळपट असते. ही पिवळीधमक होती, लाकडाचा ताजा चुरा तिच्या कडेला लागलेला. दिघ्यांनी तळवा ठेवला.

लाकूड ऊन होतं.

त्यांनी घड्याळ पाहिलं. बाराला दहा कमी.

राही खड्ड्याच्या काठाशी येऊन उभी राहिली होती. पहिल्यांदाच ती वर्तुळाच्या आत आली होती.

"आता नको, सायेब," ती म्हणाली. "मळणी चालू व्हईल. अर्ध्यात मेढ काढली तर ते जातील कुठं?"

दिघ्यांच्या मनात या क्षणी अकरा घरं आली. गोदूही आली, पक्क्या नोकरीचा कागदही आला. आणि सगळ्यांत मोठ्यानं आलं ते हे: इथं बारानंतर उभं राहायचं नाही.

त्यांनी पहार मेढीखाली घातली आणि जोर लावला. ती इतकी हलकी निघाली की ते मागं पडले.

एकदम शांत झालं. तेव्हा त्यांना कळलं की आतापर्यंत शांत नव्हतंच. चार दिवस कानांत काहीतरी चाललं होतं, इतकं मंद, इतकं सतत, की ते ऐकू येतंय हेच कळलं नव्हतं. ते थांबलं.

बारा वाजले. साडेबारा. एक. चुन्याच्या रेघा होत्या तशाच राहिल्या. दोन वाजता दिघ्यांनी लेव्हल लावली. झीज शून्य. शनिवारी सकाळी पुन्हा लावली. शून्य. त्यांनी तिथंच पेटीवर बसून लिहिलं: कारण सापडले, दूर केले. पाया भक्कम. पुनर्बांधणीच्या कामासाठी सदर कंपनीची इंजिनियरी सेवा मंजूर करण्यास हरकत नाही. खाली सही.

निघताना त्यांनी राहीला जागेबद्दल आपण साहेबांशी बोलू, असं काहीतरी म्हटलं. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती पट्टीच्या सापगावाकडच्या टोकाला उभी होती आणि रस्त्याकडं बघत होती.

"गेले," ती म्हणाली. "बुधू पन गेला त्यांच्यामागं. आता तुमीच त्यांचं बघा."

सरकारी कागद इतक्या झपाट्यानं हललेला ठाण्याच्या कचेरीत कुणी पाहिला नव्हता. सोमवारी दिघ्यांचा अहवाल साहेबांच्या टेबलावर गेला, गुरुवारी कंपनीला मंजुरी मिळाली, शुक्रवारी दिघ्यांची नोकरी पक्की झाली. गोदूनं शेवयांची खीर केली. नव्या नेमणुकीबरोबर आग्रा रस्त्याच्या दुरुस्तीचं टेबल त्यांच्याकडं आलं, शहापूरपासून ठाण्यापर्यंतचं. सोपं काम. रस्त्याची निगा राखणाऱ्या मैलकुल्यांच्या तक्रारी यायच्या, त्यावर मंजूर असा शिक्का मारून सही करायची. सहा-सात आल्या, त्यांनी सहा-सात मारले. खड्डे, झीज, नेहमीचंच.

पुढच्या मंगळवारी सकाळी त्यांच्यापुढं एक नोटीस आली. वाघळीच्या माळाची जागा कायमची ताब्यात घेतल्याबद्दल, अकरा नावांवर. पहिलं नाव बुधूचं होतं, राहीचं त्याच्याखाली कंसात. दिघ्यांनी सही केली.

तिच्याखाली आदल्या दिवशीची एक तक्रार होती. मैल चोवीस, खाडीच्या जरा अलीकडे. डाव्या अंगाला डांबर झिजले आहे. समांतर चाकोऱ्या चार.

मध्ये एक अरुंद.

दिघ्यांनी आधीचे कागद मागवले. टेबलावर ओळीनं मांडले. मागच्या सोमवारी मैल बावन्न, शहापूरपाशी. मंगळवारी अठ्ठेचाळीस. बुधवारी चव्वेचाळीस. गुरुवारी चाळीस. मग छत्तीस, बत्तीस, अठ्ठावीस. काल चोवीस. कालचा सोडून सगळ्यांवर त्यांचाच शिक्का होता. मंजूर, मंजूर, मंजूर.

दिवसाला चार मैल. बैल दोन तासांत जेवढं चालेल तेवढं.

त्यांचं घर एकविसाव्या मैलापाशी होतं.

कचेरीच्या घड्याळात सव्वा वाजला होता. दिघे टोपी न घालताच निघाले. आधी भरभर चालले, मग पळाले. बाजारातले लोक बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पावलं मोजली नाहीत.

घराचं दार उघडं होतं. गोदू उंबऱ्यात बसली होती, मांडीवर सूप, सुपात तांदूळ. अगदी ठीक होती. त्यांना धापा टाकताना बघून तिलाच काळजी वाटली. बरं वाटत नाही का, पाणी देऊ का, तिनं विचारलं.

इथं कुणी आलं होतं का, त्यांनी विचारलं.

नाही, ती म्हणाली. मग म्हणाली की म्हणजे, माणूस काही दिसलं नाही. निवडायला तांदूळ घेतले होते, आत चूल बघायला गेले, परत आले तर सूप हे असं.

तिनं सूप पुढं केलं. तांदूळ चिंब ओले होते. चार ठिकाणी, चार खळगे पडल्यासारखे, त्यांच्याभोवती गवताचा गरम वास. दिघ्यांनी दाणे बघितले. एकही कमी झाल्यासारखा दिसत नव्हता.

गोदू पेणकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिला त्यात नवल वाटलं नव्हतं, नुसती कणव आली होती.

"कुणाचे बैल आहेत हो? एवढे तांदळात तोंड घालून उभे राहिले, पण एक दाणा खाता आला नाही त्यांना. मुसक्या काढायच्या राहिल्या असणार." तिनं ओले तांदूळ बोटांनी पसरले. "आता मागच्या दारी गेलेत वाटतं. थांबा, मी काढून येते."

आणि ती उठली.